साडेसतरा तासांचे कोडे

गुरुवार, १ सप्टेंबर १८५९. लंडनच्या दक्षिणेला रेडहिल गावात आपल्या खासगी वेधशाळेत रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांची चित्रे काढत बसले होते. वडिलांचा बिअर गाळण्याचा कारखाना होता, त्यामुळे घरात पैसा होता. तो या गृहस्थांनी दुर्बिणीत घातला होता. सूर्याकडे थेट बघण्याची सोय नव्हती. दुर्बिणीतून आलेली प्रतिमा ते फिकट गवती रंगाचा हात दिलेल्या काचेवर पाडत. समोर अकरा इंच व्यासाचा सूर्य उमटे आणि त्यावरचा एकेक डाग ते मोजून कागदावर उतरवत. गेली काही वर्षे हाच त्यांचा परिपाठ होता.

त्या दिवशी एक भलामोठा डागसमूह समोर होता. ११ वाजून १८ मिनिटांनी त्याच्यावर दोन ठिकाणी पांढरेशुभ्र तेज फुटले. कॅरिंग्टनना आधी वाटले, आडोशाच्या पडद्याला कुठेतरी भोक पडले असेल आणि बाहेरचा उजेड आत शिरला असेल. त्यांनी प्रतिमा हलवून पाहिली. तेजही सूर्याबरोबर हलले. म्हणजे ते सूर्यावरच होते. कुणाला तरी साक्षीला बोलवावे म्हणून ते धावत बाहेर गेले आणि मिनिटभरात परतले, तोवर तेज मलूल झाले होते. ११ वाजून २३ मिनिटांनी सगळे संपले. एवढ्या पाच मिनिटांत ते ठिपके सूर्याच्या पृष्ठावर सुमारे ५६ हजार किलोमीटर सरकले होते. गंमत म्हणजे खालचे डाग जसेच्या तसे होते.

एकट्याने पाहिलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? नशिबाने लंडनच्या हायगेट भागात रिचर्ड हॉजसन यांनीही तेच तेज त्याच वेळी पाहिले होते. आज आपण ज्याला सौरज्वाला म्हणतो, तिचे हे माणसाने नोंदवलेले पहिले दर्शन.

खरी गोष्ट सुरू झाली ती कॅरिंग्टन क्यू येथील वेधशाळेत चौकशीला गेले तेव्हा. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद आपोआप होत असे. टांगलेल्या चुंबकाला आरसा लावलेला असे, आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या नळकांड्यावरच्या छायाचित्रणाच्या कागदावर पडे. चुंबक जरासा वळला तरी कागदावरची रेघ वर-खाली होई. त्या कागदावर दोन खुणा होत्या. पहिली अगदी बारीक, आकड्यासारखी वळलेली, आणि ती नेमकी त्या तेजाच्या वेळची होती. दुसरी खूण सुमारे साडेसतरा तासांनंतरची, २ तारखेच्या पहाटेची. तिथे रेघ अशी उसळली होती की ठिपका कागदाबाहेरच गेला.

त्या पहाटे अर्धे जग लाल-हिरव्या उजेडात न्हाऊन निघाले. ध्रुवापाशी दिसणारा अरोरा क्यूबापर्यंत दिसला. तारायंत्रांच्या तारांमधून आपोआप वीज वाहू लागली. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारमास्तरांनी आपल्या बॅटऱ्या चक्क सोडवून ठेवल्या आणि नुसत्या आकाशातून आलेल्या विजेवर दोन तासांच्या आसपास एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण केली.

नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे कॅरिंग्टननी सगळे मांडले. तेज आणि चुंबकी खुणा यांचा योग त्यांनी दाखवला, पण एका घटनेवरून निष्कर्षाला येण्याची घाई करू नये, असेही बजावले. हा सावधपणा योग्यच होता. त्यांच्या हातात दोन खुणा होत्या आणि त्या वेळच्या विज्ञानाकडे दोन्हींपैकी एकीचेही स्पष्टीकरण नव्हते.

तसा संशय जुना होता. जर्मनीतले औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे यांनी १७ वर्षे रोज सौरडाग मोजून १८४३ मध्ये जाहीर केले होते की डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या चक्रात वाढते आणि घटते. ब्रिटिश लष्करी अधिकारी एडवर्ड सॅबाइन जगभर पसरलेल्या वसाहतींतल्या चुंबकीय वेधशाळांचे आकडे चाळत होते. १८५२ मध्ये त्यांना आढळले की चुंबकी वादळांचा चढ-उतारही त्याच तालावर चालतो. ताल जुळला होता. पण १५ कोटी किलोमीटरवरचा एक डाग इथल्या होकायंत्राची सुई हलवतो कसा, हे सांगता येत नव्हते.

सॅबाइन ज्यांचे आकडे चाळत होते तसल्या वेधशाळांपैकी एक मुंबईत होती. कुलाब्याच्या टोकाला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली आणि १८४०च्या दशकात तिथे चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली त्या काळात केरूनाना छत्रे तिथे नोकरीला होते. पुढे डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे ते हेच.

कुलाब्यात क्यूसारखी आपोआप नोंदणी नव्हती. डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली उपकरणे होती आणि डोळा लावून वाचणारी माणसे. बारीक धाग्यांवर आडवा टांगलेला चुंबक, त्याच्याशी जोडलेली मोजपट्टी, ती वाचायला छोटी दुर्बीण. दर तासाला एकाने जाऊन आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, रात्रीही, पावसातही. चुंबक बिथरल्याची चाहूल लागली की तासाची वाट न बघता पाच-पंधरा मिनिटांनी वाचायचे.

रेडहिलला ते तेज फुटले तेव्हा मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्यातला चुंबक वेड्यासारखा वागू लागला. पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग, ज्याला क्षैतिज घटक म्हणतात, तो दुपार व्हायच्या आत धाडकन घसरला आणि काही वेळात बराचसा परत वर आला. वाचणाऱ्याने आकडे लिहिले, वही बंद झाली, वर्षाचा अहवाल छापला गेला. त्या आकड्यांचे मोल कळायला १४४ वर्षे जायची होती.

दरम्यान हा सगळा तपास एका थोर माणसाने बंदच करून टाकला. १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी जून १८८५ मधल्या एका आठ तासांच्या चुंबकी वादळाचा हिशेब मांडला. ते वादळ सूर्याने चुंबकी लहरी पाठवून घडवले असेल, तर त्या आठ तासांत सूर्याला एरवी चार महिन्यांत प्रकाश आणि उष्णता म्हणून जेवढी ऊर्जा टाकावी लागते तेवढी खर्च करावी लागली असती. हे अशक्य. म्हणून सौरडाग आणि चुंबकी वादळे यांचा संबंध खरा नव्हे, तो निव्वळ योगायोग आहे, असा निकाल त्यांनी दिला.

गुणाकार-भागाकार बिनचूक होता. चूक होती ती गृहीतकात. सूर्य जे काही पाठवतो ते उजेडासारखे चहूबाजूंना पसरते, असे केल्व्हिननी धरले होते. दिव्याऐवजी विजेरी असती तर? एकाच दिशेने झोत सोडायला फारच थोडी ऊर्जा पुरली असती. पण एवढ्या अधिकारी माणसाने निकाल दिल्यावर हा प्रश्न विचारायचे धाडस कोण करणार?

ते केले ग्रीनिच वेधशाळेतल्या एका कर्मचाऱ्याने. एडवर्ड वॉल्टर मॉन्डर यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांचे काम सूर्याची रोजची छायाचित्रे तपासायचे. १९०४ मध्ये त्यांनी ग्रीनिचमध्ये नोंदलेल्या वादळांच्या तारखा सूर्याच्या फिरण्याशी ताडून पाहिल्या. पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. आणि वादळेही पुन्हा पुन्हा २७ दिवसांच्या अंतराने येत होती. म्हणजे सूर्याच्या ठरावीक जागेतून काहीतरी झोतासारखे बाहेर पडत असले पाहिजे. ती जागा फिरून आपल्यासमोर आली की झोत पृथ्वीवरून जातो आणि वादळ होते. चहूबाजूंना पसरण्याचा प्रश्न मिटला आणि केल्व्हिनच्या हिशेबातली हवाच गेली.

हा झोत दिसतो का? त्याचे एक उत्तर मॉन्डर यांच्या घरातच होते, आणि ते मिळाले होते वऱ्हाडात. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला आपली उपकरणे मांडून बसले होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसेही तिथेच होती. मॉन्डर पतिपत्नींचा मुक्काम वऱ्हाडातल्या तळणीला पडला. ॲनी मॉन्डर केंब्रिजला गणित शिकलेल्या; ग्रीनिचमध्ये त्या गणनेचे काम करत होत्या आणि लग्नानंतर नियमाप्रमाणे त्यांना ती नोकरी सोडावी लागली होती. त्यांच्याकडे अवघ्या दीड इंच भिंगाचा कॅमेरा होता. चंद्राने सूर्य झाकल्यावर भोवतीचा फिकट किरीट उघडा पडतो, त्या वेळी त्यांनी काचा टिपल्या. धुतल्यावर एका काचेवर किरीटातून निघालेला एक लांबच लांब किरण दिसला. तो सूर्याच्या १४ त्रिज्यांपर्यंत, म्हणजे जवळपास एक कोटी किलोमीटर, ताठ पसरला होता. तेवढ्या लांबीचा किरण आधी कुणी टिपला नव्हता. सूर्य आपले द्रव्य ठरावीक दिशांनी दूरवर फेकतो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

पुढच्या पन्नास वर्षांत तपासाचे सुटे धागे जुळू लागले. १९०८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल यांनी सौरडागांच्या प्रकाशातून दाखवून दिले की डाग म्हणजे प्रचंड ताकदीच्या चुंबकी क्षेत्राच्या जागा आहेत. कॅरिंग्टनच्या पहिल्या खुणेचा उलगडा झाला तो क्ष-किरण आणि वातावरणाचा विद्युतभारित थर, आयनांबर, यांचा शोध लागल्यानंतर. ज्वालेतून निघालेले क्ष-किरण उजेडाबरोबरच आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात, वरच्या हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात, तिथे विजेचा प्रवाह क्षणभर वाढतो आणि खालचा चुंबक किंचित थरथरतो. क्यूच्या कागदावरचा बारीक आकडा तो हाच.

राहिली दुसरी खूण, साडेसतरा तासांची. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे अंतर एवढ्या वेळात कापणारी वस्तू सेकंदाला २,३०० किलोमीटरहून जास्त वेगाने आलेली असणार. उजेडापेक्षा ती पुष्कळ संथ आणि तोफेच्या गोळ्यापेक्षा हजारो पट जलद. ती वस्तू कोणती? आणि सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या पोकळीत ती चालते कशी?

पोकळी मुळात पोकळ नाहीच, हे १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी गणिताने मांडले. सूर्याचा किरीट इतका तप्त आहे की तो सूर्याच्या गुरुत्वाकर्षणात धरून राहू शकत नाही. तो सतत बाहेर वाहतो आणि सूर्याचे चुंबकी क्षेत्रही सोबत ओढून नेतो. या वाहण्याला त्यांनी सौरवारा म्हटले. निबंध तपासणाऱ्या दोघांनी तो छापू नये असे कळवले. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटलेली नव्हती, पण गणितात चूक कुणालाच दाखवता आली नाही, म्हणून त्यांनी निबंध छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाला वाटभर हा वारा लागत राहिला.

मग १४ डिसेंबर १९७१ रोजी ओएसओ-७ या उपग्रहाने एक वेगळेच दृश्य टिपले. किरीटाचा एक अख्खा तुकडा सूर्यापासून सुटून अवकाशात निघून गेला. १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवरच्या उपकरणांनी असे कित्येक तुकडे पाहिले. शास्त्रज्ञ त्यांना कॉरोनल मास इजेक्शन, थोडक्यात सीएमई, म्हणतात: किरीटातून उडालेला, विद्युतभारित कणांचा आणि गुंडाळलेल्या चुंबकी रेषांचा ढग. मोठ्या ढगाचे वजन शंभर कोटी टनांच्या घरात जाते. मॉन्डर यांच्या २७ दिवसांच्या वादळांचे मूळही स्कायलॅबमुळेच नीट कळले. किरीटात कमी घनतेच्या जागा असतात, तिथून सौरवारा जास्त वेगाने सुटतो, आणि सूर्य फिरला की तो झोत पुन्हा आपल्यावरून जातो. पण ती वादळे मध्यम. मोठी वादळे ढगांची.

तरीही कित्येक वर्षे पुस्तकांत ज्वाला म्हणजेच वादळाचे कारण असे छापले जात राहिले, कारण डोळ्यांना दिसते ती ज्वाला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या जॅक गॉसलिंग यांनी थेट या समजुतीवरच लेख लिहिला: मोठ्या वादळांचा जनक ढग आहे, ज्वाला नव्हे. बरीच वादावादी झाली. आज सर्वसाधारणपणे मान्य आहे ते असे की सूर्याच्या चुंबकी रेषा पिळवटून तुटतात आणि नव्याने जुळतात, त्यात साठलेली ऊर्जा सुटते. तिचा काही भाग उजेड आणि क्ष-किरण होऊन ज्वाला म्हणून दिसतो, काही भाग ढगाला ढकलतो. कधी ज्वाला असते आणि ढग नसतो, कधी उलटे. कॅरिंग्टन यांनी ज्वाला पाहिली आणि वादळ आणले ते न दिसलेल्या ढगाने. दोघांचा उगम मात्र एकच होता.

पृथ्वीशी गाठ पडल्यावर ढग काय करतो, हे १९६१ मध्येच जेम्स डंजी यांनी सांगून ठेवले होते. पृथ्वीचे चुंबकी क्षेत्र दिवसाच्या बाजूला उत्तरेकडे रोखलेले असते. ढगातले क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तर दोन्हींच्या रेषा एकमेकींशी जुळतात, चुंबकी कवच उघडते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे वळलेले असेल तर ढग बराचसा वरून घसरून जातो. आत शिरलेल्या कणांचा एक वळसा पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर वाहू लागतो. या वलयप्रवाहाचे चुंबकी क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध असते, म्हणून विषुववृत्ताच्या आसपासच्या ठिकाणी क्षैतिज घटक घसरतो. किती घसरला यावरूनच वादळाची ताकद मोजतात.

आणि इथे कुलाब्याची वही पुन्हा उघडली. १८५९ चे वादळ किती मोठे होते, हे युरोपच्या कागदांवरून सांगता येत नव्हते, कारण ठिपका कागदाबाहेर गेला होता. शिवाय तिथे अरोऱ्याचे प्रवाहही मिसळलेले. मुंबई विषुववृत्ताच्या बरीच जवळ, अरोऱ्याच्या गोंधळापासून दूर; आणि डोळ्याने वाचणाऱ्याला कागदाची कड आडवी येत नाही. २००३ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखीना आणि एस. ॲलेक्स यांनी ते जुने आकडे आजच्या एककांत आणले. घसरण निघाली सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे मुंबईतल्या क्षैतिज घटकाच्या चार टक्क्यांच्या आसपास. तुलनेला, १३ मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज दीड मिनिटात घालवली आणि ६० लाख लोकांना नऊ तास अंधारात ठेवले, त्याचा अशाच घसरणीवरून काढलेला निर्देशांक ५८९ होता. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथे आकाश लाल झाले, त्या वादळाचा आकडा ४०० च्या घरातला.

ही नोंद टिकली तशीच पुढे चालूही राहिली, याचे श्रेय कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांना. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या रुळांवाटे जमिनीत झिरपणारी वीज चुंबकांना चैन पडू देणार नाही, हे त्यांनी ओळखले. समुद्रापलीकडे अलिबागला पोरबंदरी दगडाची, लोखंडाचा अंश टाळून बांधलेली नवी वेधशाळा १९०४ मध्ये उभी राहिली. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकदम मोजमाप केले, म्हणजे जुनी मालिका नवीला बिनचूक जोडता यावी. ट्राम १९०७ मध्ये धावली. चुंबक त्याआधीच खाडीपार गेले होते. मूस यांनी १९१० मध्ये साठ वर्षांच्या नोंदींचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले.

आज ढग सूर्यापासून सुटताना दिसतो. तो कधी पोहोचेल याचा अंदाज काही तासांच्या फरकाने बांधता येतो. पण त्याच्या पोटातले चुंबकी क्षेत्र उत्तरेकडे वळले आहे की दक्षिणेकडे, हे तो अंगावरून जाईपर्यंत नक्की कळत नाही. ते मोजणारी याने पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी पहारा देतात. जानेवारी २०२४ पासून भारताचे आदित्य-एल-१ हेही चुंबकमापक घेऊन तिथेच आहे. नेहमीच्या ढगाला तिथून पृथ्वीपर्यंत यायला अर्धा ते एक तास लागतो. कॅरिंग्टनच्या ढगाला अकरा मिनिटे पुरली असती. विजेचे जाळे सांभाळणाऱ्यांना खात्रीची सूचना मिळते ती एवढीच.

म्हणून अभियंत्यांचा प्रश्न वेगळा असतो: सूचना मिळो न मिळो, रोहित्रे आणि उपग्रह किती मोठ्या वादळासाठी बांधायचे? त्याचे उत्तर शोधताना कुलाब्याचा आकडा टाळता येत नाही, आणि तो कसा वाचायचा यावर अजून एकमत नाही. काही जणांच्या मते १,६०० ही एका ठिकाणची, थोड्या वेळाची घसरण आहे. तिचा तासाभराचा सरासरी हिशेब केला तर ८५० ते ९०० एवढीच भरते. बाकीचे म्हणतात, यंत्रे जळतात ती सरासरीने नव्हे, त्या क्षणाच्या धक्क्याने. वादळाला आता कारण आहे, वाट आहे, वेगही आहे. किती मोठे येऊ शकते, याचा वाद मात्र अजून मुंबईत हाताने लिहिलेल्या एका सकाळच्या आकड्यांवर चालू आहे.